घरांतील ओलीचा शोध व अवरक्त किरण

धान्याचें पोतें भिंतीला टेकून ठेवूं नये, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. भिंतीची ओल प्रथम डोळ्यांस दिसत नाहीं. दिसते तेव्हां तळचे दाणे कुबट झालेले असतात. ही ओल आधीं ओळखण्याचें एक साधन मुंबईस घरांच्या तपासणींत वापरलें जातें. त्याची माहिती शेतकऱ्यासहि उपयोगी आहे, म्हणून हा पाठ.

किरण कोणते? — इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शल या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाश पाडून निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेविले. तांबड्या रंगापलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथेंहि पारा चढला. ह्या अदृश्य किरणांस अवरक्त किरण म्हणतात. प्रत्येक वस्तु आपल्या उष्णमानाप्रमाणें ते बाहेर टाकीत असते. कॅमेरा ते टिपून उष्ण व थंड भागांचें रंगीत चित्र दाखवितो. ओलीची वाफ होतांना उष्णता खर्च होते, म्हणून ओला भाग कोरड्या भिंतीहून थंड दिसतो. माठांतील पाणी गार होतें तें ह्याच न्यायानें.

वरळीचें उदाहरण — वरळीस बी. डी. डी. च्या १२१ चाळी १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत उभ्या राहिल्या. खोलीचें क्षेत्र १६० चौरस फूट. त्यांच्या जागीं आतां उंच इमारती होत असून ऑगस्ट २०२५ मध्यें पहिल्या ५५६ कुटुंबांस नवीं घरें मिळालीं. जवळच एका जुन्या इमारतींत मी राहतों. तीस वर्षें पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वयें करावी लागते. परंतु ओलीचें भांडण त्यापूर्वींच सुरू होतें.

एका भाद्रपदांत माझ्या छतास डाग पडला. वरच्या मजल्यावरील बाईंची मोरी गळते असें मीं ठरविलें व, महसूल खात्यांत कारकुनी केलेली असल्यामुळें, तक्रारीचा अर्ज फार चांगला लिहिला. बाईंनीं पदरचे पैसे घालून मोरी उखडून पुन्हां बांधली. डाग वाढतच गेला. पुढें तपासनीस आले, तेव्हां पावसानें दोन दिवस उघडीप दिली होती. चित्रांत थंड पट्टा मोरीखालीं नव्हताच. तो बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून छतावर पसरला होता. तेवढ्यावर त्यांनीं निकाल दिला नाहीं. ओलमापकाच्या सुया टोंचून पाहिल्या, मग गच्चीवरील पावसाळी नळांत पाणी सोडविलें. थोड्या वेळानें पट्टा रुंदावला. नळ सांध्याशीं फुटला होता.

जागेची पाहणी न करतां पंचनामा लिहिणाऱ्यांस मी नोकरींत दोष देत असें. तेंच मीं केलें होतें. त्याच सायंकाळीं वर जाऊन बाईंची क्षमा मागितली व मोरीचा खर्च भरून दिला.

ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी —

१. यंत्र पृष्ठभागाचें उष्णमान पाहतें, भिंतीच्या आरपार पाहत नाहीं. स्लॅबची किंवा सळईची ताकद त्यानें कळत नाहीं.

२. हवा दमट असतां वाफ थोडी होते व फरक पुसट दिसतो. उघडीप साधावी. दिवसभर उन्हांत तापलेल्या भिंतीचा ओला भाग सूर्यास्तानंतर उलट उष्णहि दिसूं शकतो, कारण पाणी सावकाश निवतें.

३. लख्ख घासलेल्या धातूवर भरंवसा ठेवूं नये. गरम पाण्यानें भरलेला चकचकीत तांब्या चित्रांत थंड दिसतो.

४. विजेचा सैल सांधा तापलेला दिसतो, पण प्रवाह चालू असतांनाच.

पंपाचा स्टार्टर व धान्याच्या खोलीची भिंत यांची तपासणी अशीच करितां येईल. ओल्या गवताच्या गंजीस मात्र पोटांत सळईचा उष्णतामापक घालावा, कारण तिची आग आंत धुमसते. सारांश, यंत्राची साक्ष घ्यावी, पण एका साक्षीवर निकाल देऊं नये, हा कचेरींतील नियम येथेंहि पाळावा.