पानांमागचे चोर

तुमच्या घरी गॅलरीत किंवा खिडकीत जास्वंद, गुलाब, मोगरा यांच्या कुंड्या असतील. तुम्ही त्यांना रोज पाणी घालता. तरीही एखाद्या दिवशी जास्वंदीच्या कळ्या गळू लागतात. पाने चिकट होतात. खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसते. अशा वेळी मुंग्यांना मारत बसू नका. त्या कुठे जातात ते पाहा, म्हणजे खरा चोर सापडेल.

पान उलटून पाहा. देठाजवळ कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यावर हिरवे किंवा काळे बारीक किडे दाटीने बसले असतील, तर तो मावा. दोघेही झाडाचा रस शोषतात आणि गोड, चिकट द्रव बाहेर टाकतात. तो खाण्यासाठी मुंग्या येतात आणि या किडींची राखण करतात.

तिसरा चोर म्हणजे लाल कोळी. पानावर पिवळसर ठिपके आणि बारीक जाळी दिसली, तर पानाखाली पांढरा कागद धरून पान हलकेच झटका. कागदावर बारीक ठिपके चालू लागले, की लाल कोळी आहे असे समजा. कोरड्या, उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो.

आता उपाय पाहू. प्रथम ती कुंडी इतर कुंड्यांपासून दूर ठेवा. मावा आणि लाल कोळी पाण्याच्या धारेने धुऊन काढा. पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. हे काम मोठ्या माणसांसमोर आणि विस्तवापासून दूर करा. कीड उरली, तर एक लिटर कोमट पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब मिसळा. आधी एकाच पानावर लावून एक दिवस थांबा. पान चांगले राहिले, तर संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने पुन्हा फवारा, कारण राहिलेल्या अंड्यांतून नवी कीड निघते.

एक गोष्ट विसरू नका. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा छोटा भुंगेरा दिसला, तर त्याला मारू नका. तो मावा खातो. झुरळांचे औषध झाडावर मारले, तर चोरांबरोबर हा पहारेकरीही मरतो. मग मावा परत आला, की त्याला अडवणार कोण? म्हणून आधी पाहा, ओळखा आणि मगच उपाय करा.

शब्दार्थ
देठ – पानाला फांदीशी जोडणारी काडी
कोवळा – नुकताच फुटलेला, नाजूक
राखण करणे – सांभाळणे, रक्षण करणे

स्वाध्याय
1. मुंग्या जास्वंदीवर का चढतात?
2. लाल कोळी कसा ओळखाल?
3. लेखकाने भुंगेऱ्याला पहारेकरी का म्हटले आहे?