जाड लोकरीची टोपी आणि त्रैराशिक

कार्यानुभवाच्या तासास विणकाम घ्यावयाचे म्हटले म्हणजे पुष्कळ ठिकाणी बारीक लोकर व बारीक सुया आणल्या जातात. तशी टोपी मुलाच्या हातून पुरी होण्यास फार दिवस लागतात. मध्येच त्याचा उत्साह मावळतो व अखेरीस ती शिक्षिकेला घरी नेऊन संपवावी लागते. प्रदर्शनाच्या टेबलावर ती शोभून दिसते खरी. परंतु ती मुलाची नव्हे. म्हणून पाचवीच्या वर्गात आरंभ जाड लोकरीनेच करावा. टाके मोठे पडतात, चूक चटकन दिसते आणि काम भराभर वाढते. एका टोपीस सुमारे १०० ग्रॅम लोकर पुरते. सुया ६ मिलिमीटर जाडीच्या असाव्यात. जुन्या क्रमांकांच्या सुया मिळाल्यास ४ क्रमांकाच्या घ्याव्यात. त्या पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक, हे ध्यानात असू द्यावे.

टाक्यांची संख्या मात्र शिक्षकांनी फळ्यावर लिहून देऊ नये. ती मुलांनीच काढावयाची आहे. प्रथम २० टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा तळहाताएवढा नमुना प्रत्येकाने विणावा. कडा मुडपतात, म्हणून मापन मधल्या भागात करावे. लोकर तीच, सुया त्याच; तरी एकाचे १० सेंटीमीटरमध्ये १४ टाके भरतील, तर घट्ट हाताच्या दुसऱ्याचे १६. येथे त्रैराशिक जिवंत होते.

डोक्याचा घेर सुतळीने मोजून पट्टीवर धरावा. समजा, तो ५२ सेंटीमीटर आहे. वीण ताणली जाते, म्हणून ५ वजा करून ४७ धरावे. १० सेंटीमीटरमध्ये १४ टाके, तर ४७ मध्ये किती? उत्तर ६५.८. माथ्याकडे टाके समप्रमाणात घटवावयाचे असल्यामुळे ८ ने भाग जाणारी जवळची संख्या ६४ घ्यावी आणि मागील शिवणीसाठी २ मिळवून ६६ टाके घालावेत. घट्ट विणणाऱ्याचे उत्तर ७५.२ येईल; त्याने ७२ व २ मिळून ७४ घालावेत. त्याने शेजाऱ्याचे ६६ उतरवून घेतले, तर टोपी अवघी ४० सेंटीमीटर भरेल व डोक्यात शिरणार नाही. नक्कल केलेल्या उदाहरणास असा रोकठोक शेरा कोणत्याही वहीत मिळत नाही.

पुढील रीत ६६ टाक्यांची आहे. पहिल्या ओळीत २ सुलट, २ उलट असे विणावे. शेवटी २ सुलट येतात. परतताना २ उलट, २ सुलट. अशी ५ सेंटीमीटरची पट्टी झाली की एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण एकूण उंची १३ सेंटीमीटर होईपर्यंत करावी. मग सुलट ओळीत कडेचा १ टाका विणून, ६ सुलट व २ टाके एकत्र असे ८ वेळा करावे आणि शेवटचा १ विणावा. परतीची ओळ नुसती उलट. पुढील सुलट ओळींत ६ च्या जागी अनुक्रमे ५, ४, ३, २, १ व शेवटी केवळ २ टाके एकत्र. संख्या ५८, ५०, ४२, ३४, २६, १८, १० अशी उतरते. प्रत्येक ओळीअंती मुलाने ती मोठ्याने मोजावी. जुळली नाही तर चूक त्याच ओळीत आहे, तेवढीच उसवावी. उसवल्याने लोकर वाया जात नाही, एवढे धैर्य मुलांस अवश्य द्यावे.

मुलग्यांना या तासास बाहेर पाठविण्याची रूढी सोडावी. युरोपातील जुन्या विणकर संघांतून टोप्या व मोजे विणणारे कारागीर प्रामुख्याने पुरुषच होते.

आणखी एक सूचना महत्त्वाची. लोकर म्हणून दुकानात मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. तो धुण्यास सोपा. पण पेटला म्हणजे वितळून कातडीस चिकटतो. थंडीत मुले शेकोटीभोवती बसतात, त्यांना हे आधी सांगावे. खरी लोकर असेल तर ती कढत पाण्यात आटते, तेव्हा थंड पाण्यातच धुवावी.

शेवटचे १० टाके धाग्यात ओवून घट्ट आवळावेत. नमुन्याचा तुकडा उसवला की मागील शिवणीस लागणारा धागा त्यातूनच निघतो.