फुफ्फुस चिकटलं, पण फुललंय का?

क्षयामुळे छातीत पू झाला, ऑपरेशन करून पू आणि फुफ्फुसावरची जाड साल काढली, पेशंट घरी आला. पुढच्या एखाद्या रिपोर्टमध्ये ‘फुफ्फुस छातीला चिकटलंय’ असं दिसतं आणि घर हवालदिल होतं.

फुफ्फुसाचं आवरण दुपदरी असतं. दोन्ही पदरांमध्ये जेमतेम दोन-चार चमचे द्राव असतो. ऑपरेशननंतर तिथे रक्त आणि स्राव साचला की त्याचे चिकट धागे होतात आणि काही आठवड्यांत ते घट्ट बनतात. थोडंफार चिकटणं होणारच. फुफ्फुसाबाहेर वारंवार हवा साठणाऱ्या पेशंटमध्ये तर आम्हीच टाल्कची पूड टाकून हे पदर मुद्दाम चिकटवतो! त्रास होतो तो फुफ्फुस अर्धवट फुललेलं असताना जखडलं तर. मग जिना चढतानाही दम लागतो.

म्हणून पहिले दिवस महत्त्वाचे. दुखतं म्हणून पेशंट वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो आणि ‘पेनकिलर नको, सवय लागेल’ असंही म्हणतो. तसं करू नका. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक वेळेवर घ्या, म्हणजे छाती भरून श्वास घेता येईल. खोकताना जखमेवर उशी दाबून धरा. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन चेंडूंच्या यंत्रात बरेच जण जोरात फुंकतात. त्यातून हवा सावकाश आत ओढायची असते. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा पुरे. छातीत स्राव बाहेर काढणारी नळी असतानाही चालता येतं. फक्त तिची बाटली छातीच्या खाली ठेवा, नळीला पीळ पडू देऊ नका आणि ती मनाने चिमटा लावून बंद करू नका. त्या बाजूचा हातही रोज डोक्यावर न्या, नाहीतर खांदा आखडतो.

विडी-सिगारेट बंद, हे वेगळं सांगायला नको. क्षयाच्या गोळ्या मात्र बरं वाटलं तरी सोडू नका.

‘जाळं विरघळवणाऱ्या’ गोळ्यांवर पैसे घालवू नका. पक्कं झालेलं चिकटणं त्यांनी सुटत नाही, मालिशनेही नाही. पुढे कधी छातीचं ऑपरेशन करायची वेळ आली, तर आधीच्या ऑपरेशनची माहिती आणि कागद सर्जनना आवर्जून दाखवा. ताप आला, दम वाढला किंवा जखमेतून पू दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा.