जुन्या संगणकाला नवी स्मृती

ग्रामपंचायत, शाळा व तालुका पातळीवरील कार्यालये यांचे दैनंदिन काम आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर चालते. सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला संगणक मात्र हळूहळू मंदावतो. दाखल्याचा अर्ज उघडावयास दोन-दोन मिनिटे लागतात आणि दाराशी ग्रामस्थांची रांग वाढत जाते. अशा वेळी ‘यंत्र निकामी झाले’ असा शेरा मारून निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. पुष्कळदा यंत्र निकामी झालेले नसते. त्याची स्मृती अपुरी पडत असते. ती वाढविण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. ते समजून उमजून केल्यास सार्वजनिक पैशाची मोठी बचत होते.

स्मृती म्हणजे काय?

संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. हार्ड डिस्क हे अभिलेख कक्षातील कपाट होय, तर ‘रॅम’ अथवा कार्यस्मृती हे लिपिकाचे टेबल. चालू धारिका टेबलावर हव्यात. टेबल लहान असेल तर प्रत्येक कागदासाठी कपाटापर्यंत खेपा घालाव्या लागतात. संगणकाचेही तसेच होते. रॅम भरली की तो काही माहिती डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. रॅममधून माहिती मिळावयास सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा इतका वेळ लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कला मात्र सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. म्हणजे ही खेप लक्षपटींनी महाग पडते. मंदपणाचे मूळ येथे आहे.

आजच्या रॅमची मूळ कल्पना आय. बी. एम. कंपनीतील अभियंता रॉबर्ट डेनार्ड यांची. एक ट्रान्झिस्टर व एक सूक्ष्म धारित्र एवढ्यावर माहितीचा एक अंश साठविण्याच्या त्यांच्या रचनेला १९६८ मध्ये पेटंट मिळाले. धारित्रातील विद्युत्‌भार गळत राहतो, म्हणून तो सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो. वीज जाताच रॅममधील मजकूर पुसला जातो तो याचमुळे. १९७० मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ११०३ या चिपमध्ये १,०२४ अंश मावत. आजच्या ४ जीबीच्या एका पट्टीत सुमारे ३,४३६ कोटी अंश मावतात.

खरेदीपूर्वी तपासणी

प्रथम रोग निश्चित करावा. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. नेहमीची कामे चालू असताना त्यातील ‘परफॉर्मन्स’ विभाग पाहावा. स्मृतीचा वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढविणे उपयुक्त ठरेल. स्मृती मोकळी असूनही डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली दिसत असेल, तर दोष डिस्कचा आहे, तेथे एस.एस.डी. बसविणे अधिक हिताचे. किती खाचा आहेत व त्यांपैकी किती भरल्या आहेत, हेही याच विभागात दिसते.

दुसरी बाब पट्टीच्या प्रकाराची. डीडीआर-३ पट्टीला २४० संपर्कबिंदू असून ती साधारणतः १.५ व्होल्टवर चालते; डीडीआर-४ ला २८८ बिंदू असून ती १.२ व्होल्टवर चालते. दोहोंची मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एक पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही. लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपला चालत नाही, तसेच सर्व्हरमधून काढलेल्या ‘रजिस्टर्ड’ पट्ट्या स्वस्त मिळाल्या तरी सामान्य डेस्कटॉपमध्ये निरुपयोगी ठरतात. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती जीबी स्वीकारतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतून पाहून घ्यावे.

तिसरी बाब कार्यप्रणालीची. ३२ बिटांची विंडोज असलेल्या संगणकाला ४ जीबीच्या पुढील स्मृतीचा उपयोग करून घेता येत नाही. तेथे आधी ६४ बिटांची प्रणाली बसवावी लागेल व त्यापूर्वी सर्व माहितीची प्रत काढून ठेवावी लागेल.

सामान्य कार्यालयीन कामाला ८ जीबी बहुधा पुरेशी होते. ४ जीबीची एक पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडावी. सारख्या क्षमतेची जोडी योग्य खाचांत बसविल्यास दोन मार्गांनी एकाच वेळी देवाणघेवाण होते. वेग भिन्न असल्यास दोन्ही पट्ट्या कमी वेगाने चालतात.

बसविण्याची रीत

यंत्र हमी-मुदतीत किंवा वार्षिक देखभाल करारात असल्यास काम संबंधित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. एरवी पुढील क्रम पाळावा. संगणक बंद करून वायर भिंतीतील सॉकेटमधून काढावी व चालू करण्याचे बटन काही सेकंद दाबून उरलेली वीज निघून जाऊ द्यावी. पेटीची बाजू उघडून मऊ ब्रशने धूळ झाडावी. अंगावरील स्थिर विद्युत् चिपला घातक असते, म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावून मगच पट्टी कडांनी धरावी. खाचेच्या टोकाची खिटी उघडावी, पट्टीची खाच जुळवावी आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. खिटी ‘टक्‌’ असा आवाज करून बसली म्हणजे पट्टी पक्की झाली. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये. पट्टी उलटी अथवा चुकीच्या प्रकारची आहे असे समजावे.

संगणक चालू करताच बीप-बीप असा आवाज होऊन पडदा काळा राहिला तर घाबरू नये. बहुधा पट्टी नीट बसलेली नसते; वीज तोडून ती पुन्हा बसवावी. नंतर एकूण स्मृती बरोबर दिसते का ते पाहावे आणि विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ चाचणी एकदा चालवावी.

मर्यादा आणि नोंद

स्मृती वाढविल्याने प्रत्येक अडचण सुटत नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या यंत्राबाबत हा प्रश्न खर्चाआधी सोडवावा. जेथे काम केवळ ब्राउझर व लेखन यांपुरते आहे, तेथे लिनक्स हा मार्ग आहे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली त्याच कुळातील होय.

बसविलेल्या पट्टीची नोंद जडसंग्रह नोंदवहीत त्याच यंत्रापुढे करावी, म्हणजे पुढे हिशेब जुळतो. काढलेली पट्टी चालू असेल तर ती दुसऱ्या यंत्राला उपयोगी पडेल. निकामी भाग मात्र भंगारात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावेत. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

नवे यंत्र मागण्यापूर्वी जुन्याची अशी तपासणी करण्याची सवय लागली, तर वाचलेल्या रकमेतून शाळेच्या प्रयोगशाळेत एखादा बंद संगणक पुन्हा सुरू होईल आणि खिडकीसमोरची रांगही लवकर ओसरेल.