टाकी भरली, आता काय?

पूर्वी आमच्या घाटनांदूरला पहाटे टमरेल घेऊन रुळाच्या कडेला जाणारी माणसे दिसत. आता बऱ्याच घरी संडास झाले. चांगले झाले. पण संडास बांधला म्हणजे काम संपले काय? टाकीत जाते ते नाहीसे होत नाही. पाणी वरून निघून जाते, गाळ तळाशी साचतो. काही वर्षांनी टाकी भरते.

मग आपण टँकरवाला बोलावतो. तो पंपाने गाळ ओढतो आणि अंधार पडला की ओढ्यात सोडून देतो. ओढ्याकाठी विहीर असते. तेच पाणी घागरीतून आपल्या घरी येते. जंत, हगवण, कावीळ यांचे मूळ इथे आहे.

सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी वाई शहर आहे. तिथेही घरोघर अशाच टाक्या. तिथल्या नगरपालिकेने २०१८ साली पाळी लावली. टाकी भरो न भरो, तीन वर्षांतून एकदा गाडी दारी येते. गाळ नदीत सोडत नाहीत. तो कारखान्यात नेतात. तिथे पाणी वेगळे काढतात, गाळ वाळवतात आणि उष्णतेने त्यातले जंतू मारतात. घाण वर यायची वाट न पाहता टाकी उपसायची, हे आम्हाला फार पटले.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लोक तिला 'सेफ्टी टाकी' म्हणतात. खरे नाव सेप्टिक टाकी. तिच्यात सेफ काही नाही! आत विषारी वायू साचतो. उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरतो तोही जातो. म्हणून कोणी कितीही पैसे देवो, आत उतरू नका. कोणाला उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

खेड्यात टँकर परवडत नाही. तिथे दोन खड्ड्यांचा संडास बरा. खड्ड्याला विटांची जाळीदार भिंत असते, तळ मोकळा असतो. आपली जमीन काळी, पाणी लवकर मुरत नाही. म्हणून खड्ड्याभोवती वाळूचा थर द्यावा. विहिरीपासून लांब खणावा. एक भरला की तो बंद करून दुसरा चालू करायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षे उघडू नये. तेवढ्यात आतल्या मैल्याचे कोरडे, बिनवासाचे खत होते. घाई केली तर जंताची अंडी जिवंत राहतात.

आता तुम्हाला लिहिता येते. खड्डा बंद कराल त्या दिवशीची तारीख संडासाच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा.