दोन शिखरे, दोन चेहरे

आपण आफ्रिकेतील टांझानिया देशात किलिमांजारो पर्वतावर चढत आहोत, अशी कल्पना करा. ३,७२० मीटर उंचीवर होरोंबो हा मुक्काम आहे. उतरत्या छपरांच्या लाकडी झोपड्या, हेच आपले घर. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे पाणी सुमारे ८८ अंश सेल्सियसलाच उकळते. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी म्हणून पुष्कळ गिर्यारोहक येथे एक दिवस जास्त राहतात. तो दिवस आपण शिखरे पाहण्यात घालवू.

थोडे वर चढून उत्तरेकडे तोंड करा. डावीकडे किबो दिसेल : ५,८९५ मीटर उंच, घुमटासारखा, माथ्यावर थोडे बर्फ. उजवीकडे मावेन्झी : ५,१४९ मीटर उंच, करवतीच्या दातांसारखे सुळके. दोन्ही ज्वालामुखीच. मग यांतला वयाने मोठा कोण?

'मावेन्झी', असे तुम्ही चटकन म्हणाल. पण दोघांचाही जन्म सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीचा! फरक आहे तो थांबण्याच्या वेळेत. मावेन्झी आधी थंडावला. तेव्हापासून पाऊस, वारा आणि पूर्वीच्या हिमनद्या यांनी त्याला झिजवले. पोटातील भेगांत गोठलेल्या लाव्हारसाच्या कठीण भिंती तेवढ्या उघड्या पडून उभ्या राहिल्या. किबोतून मात्र त्यानंतरही लाव्हारस येत राहिला आणि झीज भरून निघत गेली. त्याच्या विवरातून आजही गंधकयुक्त वायू निघतात. म्हणून मावेन्झी मृत, तर किबो निद्रिस्त ज्वालामुखी मानला जातो.

थोडक्यात, डोंगराचा आकार त्याचे जन्मसाल सांगत नाही; बांधणी थांबून झीज किती झाली, हे सांगतो.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो मुख्यतः जमिनीच्या लांब भेगांतून बाहेर येऊन थरांवर थर पसरला. त्यामुळे आपल्याकडील टोकदार सुळका पाहून 'हे ज्वालामुखीचे तोंड' असे समजू नका. त्याला तो आकार झिजेने दिला आहे.

करून पाहा : ओल्या चिकणमातीची एक पातळ भिंत उभी करून वाळू द्या. तिच्याभोवती वाळूचा ढीग रचा आणि झारीने पाणी घाला. आधी काय वाहून जाते? शेवटी काय उरते? तुमच्या अंगणात मावेन्झी तयार होईल!