भूमध्यसागरीय कौटुंबिक ज्वर आणि त्रिकसंधिशोथ : निदानातील एक दुर्लक्षित दुवा

कटिशूल व प्रातःकालीन स्तब्धता घेऊन येणाऱ्या तरुण रुग्णात अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसचा विचार आता बहुतेक वैद्य करतात. मात्र त्याच रुग्णास बालपणापासून वारंवार ज्वर येत असेल, तर त्या ज्वराचा व पाठीच्या व्याधीचा संबंध असू शकतो, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते.

व्याधिस्वरूप : फॅमिलियल मेडिटरेनियन फीवर हा आनुवंशिक व्याधी तुर्की, आर्मेनियन, अरब व ज्यू समाजांत विशेष आढळतो, भारतात तो विरळ आहे. त्यास कारणीभूत असणारे १६ व्या गुणसूत्रावरील एमईएफव्ही जनुक १९९७ साली निश्चित झाले. या जनुकातील दोषामुळे पायरिन प्रथिनाचे नियंत्रण बिघडते, इंटरल्युकिन-१ बीटा अधिक स्रवते आणि जंतुसंसर्गावाचून शोथ उत्पन्न होतो. ज्वरासोबत तीव्र उदरशूल, पार्श्वशूल किंवा गुडघा, घोटा अशा एखाद्या सांध्याचा शोथ असतो. ज्वराचा वेग बहुधा १ ते ३ दिवसांत आपोआप शमतो व मधल्या काळात रुग्ण स्वस्थ असतो.

पृष्ठवंशाशी संबंध : यांपैकी काही रुग्णांत त्रिक-श्रोणि संधींचा चिरकारी शोथ आढळतो. तुर्कस्तानातील अभ्यासांत एम६९४व्ही या जनुकदोषाशी त्याचा संबंध दिसून आला आहे. यांतील अनेकांत एचएलए-बी२७ नसते. म्हणून ती चाचणी नकारात्मक आली तरी शंका सोडू नये. पंचेचाळिशीच्या आत आरंभ, विश्रांतीने न शमणारी व हालचालीने उतरणारी वेदना, उत्तररात्री होणारी झोपमोड ही लक्षणे असल्यास त्रिकसंधींचे एमआरआय करून घ्यावे.

आयुर्वेदीय विचार : वेग आणि विराम पाहता विषमज्वराचे, तर स्तब्धता व संधिशोथ पाहता आमवाताचे स्मरण होते. हे साम्य संप्राप्तीच्या चिंतनास उपयुक्त असले, तरी केवळ नामसाम्यावर चिकित्सा ठरवू नये. कारण दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या शोथामुळे वृक्कांत अमायलॉइड साचते व वृक्क निकामी होऊ शकतात. मूत्रातील प्रथिनांची तपासणी नियमाने करावी.

१९७२ पासून वापरात असलेले कोल्चिसिन ज्वरवेग व अमायलॉइड या दोहोंस रोखते. दोन वेगांच्या मधील स्वास्थ्य पाहून ते परस्पर बंद करू नये. त्रिकसंधिशोथावर मात्र ते बहुधा अपुरे पडते. तेथे संधिवाततज्ज्ञांच्या सल्ल्याने शोथहर औषधे किंवा टीएनएफ-रोधक द्यावी लागतात. पंचकर्म, आहारनियमन व व्यायाम यांची योजना त्या चिकित्सेस पूरक म्हणूनच करावी.

औषधनिर्मात्यांसाठी : कोल्चिसिन कळलावीतही असते. तथापि कंद व बीजांतील त्याचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते आणि शोधनानंतरही मात्रा निश्चित सांगता येत नाही. उपचारमात्रा व विषमात्रा यांत अंतर अल्प असल्याने कोल्चिसिनऐवजी कळलावी देणे धोक्याचे आहे. लांगली अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहे, याचे स्मरण ठेवावे. कोल्चिसिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन दिल्यास विषबाधा संभवते. रुग्णाच्या हाती दोन्ही चिठ्ठ्या असल्यास वैद्यांस कळवावे.

सारांश, पाठ दुखणाऱ्या तरुणास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : लहानपणी ज्वर वारंवार येत असे काय? तो तीन दिवसांत आपोआप उतरे काय? कुटुंबात कोणास असा ज्वर वा वृक्कविकार आहे काय? होकार मिळाल्यास मूत्रतपासणी करून रुग्णास तज्ज्ञांकडे पाठवावे.